फाटक्या खिशाचा रोमन शिपाई

“मला चांदी ऐकू येते!”

मॉरिस पिंचबेक हे वाक्य दिवसातून निदान एकदा म्हणायचा, आणि तेही अशा थाटात, की ऐकणाऱ्यानं नकळत खिशातली चिल्लर घट्ट धरावी. चाळीस वर्षं त्यानं इंग्लंडच्या सफोक परगण्यातल्या खेड्यापाड्यांत फिरून लोकांचे पियानो जुळवले होते. कुठल्या घरातली कुठली पट्टी बसकी वाजते हे त्याला म्हणे रस्त्यावरून कळायचं. निवृत्त झाल्यावर त्यानं जमिनीतला धातू शोधणारा डिटेक्टर घेतला, कानांना मोठाले हेडफोन लावले आणि विकल्सम गावच्या शेतांतून झाडू मारल्यासारखा हिंडू लागला. खिळा कसा किरकिरतो, बाटलीचं बूच कसं ठसकतं, पेयाच्या डब्याची कडी कशी लाडीगोडी लावते, सगळं त्याला पाठ झालं.

फक्त चांदी तेवढी नऊ वर्षांत एकदाही बोलली नव्हती!

नऊ वर्षांत मॉरिसला मिळाली होती चारशेवर बटणं, सहा नाल, एक अर्धा चमचा आणि कुणाची तरी कवळी. कवळीचा मालक गावातच निघाला आणि त्यानं ती साधे आभारही न मानता परत नेली.

हेही चाललं असतं. पण गेल्या वर्षी त्याच्या मेहुण्यानं, म्हणजे बायको डॉरीनच्या धाकट्या भावानं, कीथनं, कुठल्याशा सेलमधून स्वस्तातला डिटेक्टर आणला आणि तिसऱ्याच दिवशी सातशे वर्षांपूर्वीचं चांदीचं नाणं काढलं! तेसुद्धा हेडफोन गळ्यात लटकत असताना! त्याचा फोटो कीथनं डिटेक्टरवाल्यांच्या क्लबच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला आणि खाली लिहिलं, “दाजी, हिला चांदी म्हणतात!” सत्तेचाळीस जणांनी टाळ्या वाजवल्या. मॉरिसनं त्याच मिनिटाला गट सोडला.

गट सोडणं त्याला पुढे फार महागात पडलं, पण तेव्हा हे कुणाला माहीत होतं!

तर ऑगस्टचा शेवटचा शनिवार होता. फिंचमबाईंच्या तळ्याकडच्या शेतातला गहू निघाला होता आणि सोमवारी तिथे पुढची पेरणी होती. एकदा पेरणी झाली की वर्षभर शेतात पाऊल टाकायचं नाही, हा बाईंचा नियम. म्हणजे हातात उरले दोन दिवस. त्यातल्या रविवारी क्लबची जत्रा होती, गावच्या सभागृहाच्या छपराला पैसे जमवण्यासाठी. ती टर्नरच्या शेतात आहे एवढंच मॉरिसला ठाऊक होतं. जत्रेचा कारभारी कीथ असल्यामुळे तिकडे फिरकायचं नाही, असं त्याचं ठरलेलं होतं.

“आज शेवटचा प्रयत्न,” त्यानं न्याहरीला जाहीर केलं. “एक तरी खरंखुरं जुनं नाणं! माझ्या हातानं काढलेलं! नाहीतर हे यंत्र विकतो आणि परसात भोपळे लावतो.”

“भोपळे नकोत,” डॉरीन टोस्टला लोणी लावत म्हणाली. “त्यांनाही कान लावून बसशील.”

आठ वाजता मॉरिस फाटकातून आत शिरला. यंत्र सुरू केलं, दहा-बारा पावलं टाकली आणि जागच्या जागी थिजला.

सूर! काय सूर होता तो! बारीक, लांबट, स्वच्छ! मॉरिसच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्यानं गुडघे टेकले आणि खणायला घेतलं. चार इंच, सहा इंच, नऊ इंच. माती दगडासारखी घट्ट होती. शेवटी तळाशी एक पातळ, गोल चकती कडेवर तिरकी उभी दिसली, सगळीकडून चिकणमातीनं लिंपलेली. मॉरिसनं ती मातीसकट उचलली. पुसली मात्र नाही. शेतात नाणं पुसायचं नाही, ओल्या वाळूनं त्यावरच्या राजाचं नाक जातं, हे तो भेटेल त्याला सांगायचा, मग स्वतःच कसं मोडणार? नाणी ठेवायला तो गाडीत अंड्यांचे रिकामे पुठ्ठ्याचे डबे बाळगायचा. त्यातल्या एकाच्या पहिल्या खळग्यात त्यानं ते ढेकूळ ठेवलं, दोन मिनिटं नुसतं बघितलं आणि पुढे पाऊल टाकलं.

पुन्हा सिग्नल!

या वेळी खणावं फारसं लागलंच नाही. चार इंचांवर, लोण्यासारख्या मऊ मातीत, दुसरं नाणं! पाच-सहा पावलांवर तिसरं! मग चौथं! सगळी तशीच, न पुसता, मातीसकट डब्यात! वास्तविक दुसऱ्यापासून आवाज जरा जाडाभरडा यायला लागला होता. पण पहिल्या सुरानं कानाला अशी झिंग चढली होती, की त्या वेळी शेजारून गाढव ओरडलं असतं तरी मॉरिस म्हणाला असता, चांदी!

दुपारपर्यंत डझनाचे तीन डबे भरले आणि चौथ्यात पाच जमली. सगळी नाणी एका सरळ रेषेत आणि सारख्या अंतरावर होती, दुसऱ्यापासून प्रत्येकाच्या डोक्यावर माती सैल. शहाण्या माणसानं इथे थांबून विचार केला असता. मॉरिसनंही केला, आणि असा निष्कर्ष काढला, की माती गांडुळांनी सैल केली आणि नाणी एका रोमन शिपायाची होती.

“कवायत करत चालला होता गं तो!” घरी स्वयंपाकघरात डबे मांडत तो डॉरीनला सांगत होता. “डावा, उजवा, डावा, उजवा! आणि खिसा फाटका! दर पाच पावलांना एक नाणं खाली! दोन हजार वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही!”

“रोमन लोकांना खिसे होते?” डॉरीननं विचारलं.

“काय?”

“ते चादरी गुंडाळायचे ना? चादरीला खिसा कुठून आला?”

“तो तपशील तज्ज्ञ बघतील!” असं म्हणून मॉरिसनं तज्ज्ञांना फोन लावला. एवढी जुनी नाणी एका ठिकाणी सापडली की सरकारला कळवावंच लागतं. जिल्ह्याच्या पुरातत्त्व अधिकारी डॉ. इमोजेन रॅडली यांचा फोन शनिवारी बंद. मॉरिसनं निरोप ठेवला: “बाई, शतकातला शोध! विकल्सम गाव, फिंचमबाईंचं तळ्याकडचं शेत! सगळी कामं सोडून या! मॉरिस पिंचबेक बोलतोय, पिंचबेक!”

फोन ठेवतो न ठेवतो तोच मागच्या दारातून कीथचा आवाज आला. “ताई, तुझा चहाचा मोठा बंब दे गं उद्यासाठी!”

“झाक! झाक!” मॉरिस पुटपुटला. संग्रहालयाच्या समारंभात कीथचा चेहरा कसा पडेल हे त्याला बघायचं होतं. आधी कळून उपयोग नव्हता. डॉरीननं डब्यांवर फडकं टाकलं. फडकं तोकडं निघालं.

“टर्नरच्या शेतापर्यंत एवढा जड बंब नेणार कसा?” तिनं विचारलं.

“टर्नर कसला? त्याचं पीक पावसामुळे उभंच आहे. जत्रा हलवली फिंचमबाईंच्या तळ्याकडच्या शेतात. गटावर टाकलंय आठवड्यापूर्वी. हां, दाजी गटावर नाहीत, नाही का!” कीथनं स्वतःच स्वतःला चहा ओतला. “आणि गंमत ऐका दाजी. काल संध्याकाळी तिथं मी चाळीस रोमन नाणी पुरली!”

मॉरिसच्या हातातला कप तोंडापर्यंत पोचला नाही.

“खरी आहेत हो, पण तांब्याची. झिजून बटणं झालेली. बाजारात पिशवीच्या पिशवी मिळते. फाटकापासून सरळ रेषेत, पाच-पाच ढांगांवर एक. काठीनं भोक पाडायचं, आत टाकायचं, पायानं दाबायचं! ज्याला जे सापडेल ते त्याचं. दीडशे तिकिटं खपलीत! छप्पर झालंच म्हणून समजा!”

“सरळ रेषेत,” मॉरिस म्हणाला.

“सरळ रेषेत. एखादा गाढव असला तरी ओळीनं चालत गेला की झोळी भरेल!” कीथनं चहा संपवला आणि त्याची नजर फडक्याखालून डोकावणाऱ्या डब्यांवर गेली. “अरे वा, अंडी! ताई, एक डबा नेतो गं.”

“नासकी आहेत!” डॉरीन ओरडली.

“चारही डबे?”

“चारही!”

“घेतलीस कुणाकडून?”

डॉरीनला खोटं बोलण्याची सवय नव्हती. सुचलं ते नाव तिनं सांगून टाकलं. “फिंचमबाईंकडून.”

“बाईंच्या कोंबड्यांची अंडी नासकी? बक्षीसवाल्या कोंबड्या त्या! सांगायला हवं बाईंना!” आणि बहिणीवर उपकार करायला मिळाल्याच्या आनंदात कीथ बंब उचलून चालता झाला.

डॉरीननं डब्यांवरचं फडकं काढलं.

“म्हणजे,” डॉरीन हळूच म्हणाली, “छपराची नाणी तू चोरलीस.”

“चोरली नाहीत! सापडली!”

“उद्या दीडशे माणसं रिकाम्या शेतात दिवसभर फिरतील तेव्हा हे त्यांना सांग.”

मॉरिसनं आधी फोन उचलला. डॉ. रॅडलींना दुसरा निरोप ठेवला: “बाई, मगाचा निरोप विसरा. काही सापडलेलं नाही. मी त्या शेतात गेलोच नव्हतो. शेतही नाही. माझं नाव पिंचबेक नाही.” आपण प्रकरण अगदी सफाईनं मिटवलं, असं त्याला मनापासून वाटलं.

मग दोघं शेताकडे धावले. आता अडचण अशी, की कीथ सहा फूट दोन इंच आणि मॉरिस पाच फूट चार. कीथच्या पाच ढांगा म्हणजे मॉरिसची किती पावलं? सकाळी खणलेली भोकं त्यानं शिस्तीनं इतकी बेमालूम बुजवली होती, की आता त्यालाच सापडेनात.

“तू चाल!” तो डॉरीनला म्हणाला. “तुमच्या घराण्याचे पाय सारखेच लांब. कीथ चालतो तशी चाल!”

“कीथ कसा चालतो?”

“माज आल्यासारखा!”

डॉरीन छाती काढून, हात झुलवत ढांगा टाकत निघाली आणि मागून मॉरिस काखेत डबे धरून, काठीनं भोक पाड, ढेकूळ टाक, पायानं दाब, असा तिच्या मागे. कीथनं पुरलं तसंच, चार इंच. तिसरा डबा संपत आला तेव्हा कुंपणापलीकडून गर्जना झाली.

“मॉरिस पिंचबेक!”

फिंचमबाई! पायांत गमबूट, चेहरा टोमॅटोसारखा लाल. “कीथ सांगून गेला! माझी अंडी नासकी म्हणे! आणि तू... तू ती माझ्याच शेतात पुरतोयस?”

मॉरिसनं हातातल्या डब्याकडे पाहिलं. डॉरीनकडे पाहिलं. सभागृहाचं छप्पर चोरल्याचं कबूल करायचं की बाईंच्या कोंबड्यांचा बळी द्यायचा, एवढाच प्रश्न होता.

“हो,” तो म्हणाला. “गावात वास सुटू नये म्हणून. तुमच्या नावाला बट्टा नको, बाई.”

फिंचमबाईंचा आवाजच बसला. तीस वर्षांत जिल्ह्याच्या प्रदर्शनातला पहिला नंबर त्यांनी सोडला नव्हता. “चार डझन?” त्यांनी विचारलं. मॉरिसनं मान डोलावली. बाईंनी रुमालानं नाक पुसलं, “कुणाला बोलू नकोस बाबा,” म्हणाल्या आणि वाकलेल्या खांद्यांनी परत गेल्या. डॉरीनला तर रडूच आलं.

ओळ संपली. चाळीस नाणी चाळीस जागी गेली. पण सगळ्यात शेवटी उघडलेल्या डब्याच्या कोपऱ्यात एक ढेकूळ उरलंच!

“कीथला मोजता कधी आलंय?” मॉरिस वैतागून म्हणाला आणि परत जाता जाता फाटकापाशी एक भोक पाडून त्यानं ते आत कोंबलं, वरून बूट आपटला आणि नऊ वर्षांतल्या सगळ्यात वाईट दिवसाला शिव्या देत घरी गेला.

रविवारी ऊन छान पडलं. जत्रा फक्कड जमली! दीडशे माणसं यंत्रं घेऊन शेतात उतरली, दर दोन मिनिटांनी कुणीतरी ओरडत होतं, केकचे तुकडे खपत होते. घरी बसलास तर संशय येईल, असं म्हणून डॉरीननं मॉरिसला चहाच्या बंबामागे उभं केलं होतं. तीन वाजता कीथनं कर्ण्यातून पुकारा केला, “चाळीसच्या चाळीस सापडली!” मॉरिसनं सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला, की समोरच्या म्हातारीचा चहा निवला.

तेवढ्यात एक हिरवी गाडी आली आणि तिच्यातून चष्मा लावलेली एक तरतरीत बाई उतरली.

“मी इमोजेन रॅडली, पुरातत्त्व खात्याची. माझ्या फोनवर एकाच आवाजात दोन निरोप आहेत. पहिल्यासाठी मी सोमवारी आले असते तरी चाललं असतं. पण दुसरा ऐकून वाटलं, आजच यावं. आपलं नाव पिंचबेक नाही असं सांगणारे पिंचबेक कोण?”

मॉरिस बंबामागे जेवढा बसता येईल तेवढा खाली बसला.

आणि त्याच क्षणी फाटकाकडून कीथची आरोळी आली! गर्दी पांगायची वाट बघता बघता सहज म्हणून त्यानं तिथे यंत्र फिरवलं होतं. “एकेचाळिसावं! दाजी, एकेचाळिसावं!” त्यानं ढेकळावर थुंकून ते चक्क विजारीवर घासायला घेतलं.

“पुसू नका!” डॉ. रॅडली धावल्या. पण चिकणमाती निघाली होती. कीथच्या तळहातावर काहीतरी पांढरंशुभ्र चमकलं.

रॅडलीबाईंनी भिंग काढलं. नाणं दोनदा उलटंसुलटं करून पाहिलं. “चांदी आहे. बाराशे वर्षांपूर्वीची! रोमन नव्हे, इथल्याच राजाची! असलं नाणं मी फक्त चित्रात पाहिलंय!”

दीडशे माणसं गोळा झाली. मॉरिसही आला. तो कधी उठला आणि कसा आला हे त्याला कळलंच नाही. पातळ. गोल. त्याच्या कानात कालचा तो पहिला सूर वाजला आणि त्याला सगळं एकदम कळलं. हेच ते. आपलंच ते. काल दिवसभर ते आपल्याजवळ होतं, आणि आपण आपल्या हातानं ते पुरलं, वर बूट आपटला! त्याला ओरडावंसं वाटलं. पण ओरडला तर छपराची नाणी उपसल्याचं गावभर होणार. गप्प राहिला तर ते कीथचं. तो गप्प राहिला. जीव तुटत होता, तरी राहिला.

“किती खोल होतं?” डॉ. रॅडलींनी वही उघडली.

“चार इंच,” कीथ म्हणाला.

“माती?”

“सैल. अगदी भुसभुशीत.”

बाईंचा चेहरा उतरला. “म्हणजे हल्लीच कुणीतरी पुरलेलं. तुमच्या त्या विकतच्या पिशवीतूनच आलं असणार. कुठल्या देशातलं, कुठल्या मातीतलं, कोण सांगणार? या शेताचं म्हणून नोंद नाही करता येणार. वाईट वाटतं. नाव-गाव नसलेलं नाणं म्हणजे नुसता चांदीचा तुकडा.”

“असेल बाई, पिशवीतलंच असेल,” कीथही खांदे उडवून म्हणाला.

बाई वही मिटायला लागल्या. मॉरिसनं नाण्याकडे पाहिलं. बाराशे वर्षं ते या मातीत कडेवर उभं होतं. कीथला मिळालं असतं तर त्यानं कसंबसं गिळलं असतं. पण ते बेवारस?

“नऊ इंच!” तो इतक्या जोरात ओरडला, की कुंपणावरचे कावळे उडाले. “नऊ इंच खोल! फाटकापासून बारा पावलं, घट्ट मातीत, कडेवर तिरकं उभं! काल सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी मी काढलं! बाकीची चाळीसही मीच काढली! आणि संध्याकाळी मीच परत पुरली! हे याच शेताचं आहे, बाई! लिहा, याच शेताचं!”

कीथचं तोंड उघडं ते उघडंच.

“म्हणजे,” फिंचमबाई गर्दीतून हळूहळू पुढे आल्या, “माझी अंडी ताजी होती?”

“सगळी, बाई,” मॉरिस म्हणाला.

बाईंनी आधी त्याच्या पाठीत एक सणसणीत धपका घातला आणि मग त्याला मिठी मारली. त्यानंतर जे हसणं सुरू झालं ते चहा संपेपर्यंत थांबलं नाही. कीथ तर गवतावर लोळायचा बाकी होता. “दाजी, चांदी ऐकू येते म्हणत होता ना?”

“आली होती!” मॉरिस म्हणाला.

“मग परत पुरलीत कशाला?”

मॉरिस तडक चहाच्या बंबाकडे निघाला.

डॉ. रॅडली मात्र हसल्या नाहीत. मॉरिसनं दाखवलेल्या जागी त्यांनी स्वतः खणलं. नऊ इंचांवर घट्ट मातीत नाण्याच्या कडेची खाच अजून होती. त्यांनी सगळं जसं घडलं तसं वहीत उतरवलं, कारण सरकारी नोंदीत काही गाळायचं नसतं. फिंचमबाईंनी आणि मॉरिसनं मिळून ते नाणं जिल्ह्याच्या संग्रहालयाला दिलं. आता ते काचेखाली, मखमलीवर, स्वतंत्र दिव्याच्या उजेडात असतं आणि शेजारी पाटी आहे: “हे नाणं मॉरिस पिंचबेक यांना सापडलं. त्याच दिवशी त्यांनीच ते पुरलं. दुसऱ्या दिवशी ते कीथ सॅडलर यांना पुन्हा सापडलं. मूळ खोली नऊ इंच.”

घरी पाहुणे आले की डॉरीन त्यांना पहिल्यांदा तिथे नेते आणि पाटी मोठ्यानं वाचून दाखवते. लोक पोट धरून हसतात. ही पाटी साफ चुकीची आहे, असं मॉरिसचं म्हणणं आहे, आणि तसे तीन अर्ज त्यानं आजवर संग्रहालयाला केले आहेत.

खोली साडेनऊ इंच होती!